कात्री सिस्टरची बटणं

माझ्या सुनेला कुणी एकटीला गाठून विचारलं, तर ती सांगेल की देवाची निवड चुकली. हात गेला आणि जीभ राहिली. उलटं झालं असतं तर घरात चार घटका शांतता तरी मिळाली असती. ती हे तोंडावर बोलत नाही, पण मी तिची सासू आहे, मला न बोललेलंही ऐकू येतं.

तर झालं असं. मी शिवणकाम करते. लग्नाच्या आधीपासून करते. घरात खिडकीपाशी माझं पायमशीन, मशीनच्या एका अंगाला रिळांचा डबा, दुसऱ्या अंगाला कात्री, आणि त्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही. मुलाने एकदा त्या कात्रीने पुठ्ठा कापला होता. चांगला कॉलेजात जाणारा घोडा होता तो तेव्हा, तरी मी त्याला दिवसभर बोलत होते. एका दुपारी कॉलर उलटवताना ती कात्री माझ्याच हातातून पडली. उचलायला गेले तर हात जागचा हलेना. हाक मारायला गेले तर तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर आलं. सून चुलीवरचं तसंच टाकून धावत आली, शेजाऱ्यांना उठवलं, गाडी आणली आणि मला मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत बसली. मघाशी तिच्याबद्दल बोलले ते जरा जास्तच झालं. असू दे, बोलून झालंय.

दवाखान्यात मला बायकांच्या वॉर्डात भिंतीकडची खाट मिळाली. जीभ दोन-चार दिवस जड होती, मग लागली कामाला. पाय ओढत का होईना उचलायला लागला. उजवा हात मात्र नुसता पडून होता, पाहुणा आल्यासारखा. मोठे डॉक्टर आले, त्यांनी तो हात वर उचलला आणि सोडला. तो धप्पकन गादीवर पडला. मग ते बोलले, तेही माझ्याशी नाही, माझ्या मुलाशी. "पाय सुधारेल. हाताकडून फार अपेक्षा ठेवू नका." हात माझा, आणि अपेक्षा मुलाने ठेवायच्या नाहीत.

माझा मुलगा स्वभावाने गरीब आहे, आणि गरीब स्वभावाची माणसं फार नुकसान करतात. तो खाटेशी बसला, माझ्या पायावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आई, आयुष्यभर राबलीस. आता आराम कर. ते मशीन आपण देऊन टाकू. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या बायकोला हवंच आहे. त्या जागी तुझी कॉट टाकू, खिडकीचा उजेड येईल तुला."

माझ्या मशीनच्या जागी माझी कॉट. म्हणजे मी खिडकीत पडून काय करायचं, तर उजेड खायचा. वर म्हणतो कसा, "तू घरी आलीस की तुझ्यासमोरच देऊ, म्हणजे तुला वाईट वाटणार नाही." मी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण एक गोष्ट मला तिथेच कळून चुकली. घरी जायच्या आत हात कामाला लागला तर मशीन राहील, नाहीतर गेलंच म्हणून समजा.

आता कुणी म्हणेल, मग बाईने जिवाचं रान करून व्यायाम केला असेल. मुळीच नाही. व्यायाम शिकवायला एक तरुण गृहस्थ यायचे. त्यांनी मला लाल रबरी चेंडू दिला. म्हणाले, दाबा. मी विचारलं, दाबून काय होतं. म्हणाले, ताकद येते. मी म्हटलं, कुणाला, चेंडूला? ते हसले आणि निघून गेले. चेंडू मी शेजारच्या खाटेवर देऊन टाकला. तिथे एक निवृत्त शाळेच्या बाई होत्या, पाय प्लॅस्टरमध्ये, हात दोन्ही ठणठणीत. त्या दिवसभर तो चेंडू दाबायच्या आणि वॉर्डात कोण काय करतंय यावर नजर ठेवायच्या.

चेष्टा बाजूला ठेवते. मला भीती वाटत होती. चेंडू हातात घेतला की मी बोटांना सांगायची, मिटा, आणि बोटं ऐकायचीच नाहीत. सगळ्या खाटांवरच्या बायका बघत असायच्या. ज्या बोटांनी अर्ध्या गल्लीचे कपडे शिवले ती चार लोकांत अशी तोंडघशी पाडणार असतील, तर मला तो खेळच नको होता.

त्या वॉर्डात दिवसपाळीला एक सिस्टर होती. ठेंगणी, गोल, चालताना बुटांचा चुकचुक आवाज करणारी. ती दाराशी असली तरी आवाजावरून कळायचं. कोटाच्या खिशात सतत कात्री, पट्ट्या कापायची, टोकाला बोथट. खिशाचा तळ त्या कात्रीने फाटलेला, म्हणून कात्री अधूनमधून जमिनीवर पडायची, आणि ही वाकून उचलायची आणि कात्रीलाच दटावायची. मी तिचं नाव कात्री ठेवलं. तिला ते कळलं तेव्हा म्हणाली, "चालेल. आधीच्या वॉर्डात मला भोपळा म्हणायचे."

दवाखान्यात माणसाची लाज पहिल्या दिवशीच दारात काढून घेतात असं मला वाटायचं. हिने माझी लाज मला परत आणून दिली. अंग पुसायचं असो की आणखी काही, आधी पडदा ओढायची, मग विचारायची, आणि तेही हळू आवाजात. पण त्याहून मोठी गोष्ट तिने केली ती न विचारता. अर्धांगाच्या झटक्याने माझा उजवा गाल लोंबत होता, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची. भेटायला आलेली माणसं नेमकी त्याच अंगाला स्टूल ओढून बसायची आणि माझ्या गालाकडे बघत बोलायची. एका सकाळी कात्री आली, वॉर्डातल्या मामांना हाक मारली, आणि दोघांनी मिळून माझी खाटच फिरवली. डोक्याकडची बाजू पायाकडे. आता उजवा गाल भिंतीकडे आणि चांगला गाल माणसांकडे. मेट्रन बाईंनी विचारलं, सगळ्या खाटा एका रांगेत असताना हीच उलटी का. कात्री म्हणाली, "मॅडम, या पेशंटला पंख्याचा वारा सोसत नाही." पंखा खोलीच्या बरोब्बर मध्यभागी होता. मेट्रन बाईंनी पंख्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे गेल्या.

मी आभार मानले नाहीत. मी म्हटलं, उशीचा अभ्रा बदला, याची शिवण उसवलीय, कुणी शिवलाय देव जाणे, टाके आहेत की कोंबडीचे पाय. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही झोपेतसुद्धा डाव्या हाताने ती शिवण आत दुमडत असता." मी म्हटलं, मग, उसवलेलं बघवत नाही मला. ती "अस्सं" म्हणाली आणि चुकचुक करत गेली. ते "अस्सं" मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती कोटाचं वरचं बटण मुठीत घेऊन. चेहरा असा पडलेला की घरात काही वाईट घडलंय की काय.

"मावशी, बटण तुटलं हो. मेट्रन बाई राउंडला येतील आणि माझी खरडपट्टी काढतील. तेवढं लावून द्या ना."

"मला हात कुठे आहे?"

"सुई डाव्या हातात धरा. उजवा नुसता कापडावर ठेवा, वजन म्हणून. काही करायला नको त्याने."

तिने कोट माझ्या मांडीवर टाकला, दोरा ओवलेली सुई दिली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी कोटाकडे पाहिलं. कपडा बघायची माझी सवय अशी की आधी दोरे बघते. ओढून तुटलेल्या दोऱ्याला पिंजलेले केस येतात, एक टोक लांब, एक आखूड. इथे चारही टोकं एका उंचीची आणि साफ. हे बटण तुटलेलं नव्हतंच. हे कापलेलं होतं, आणि तेही टोकाला बोथट असलेल्या कात्रीने, कारण शेजारी कापडावर दाबल्याची खूण होती.

मला हसू आलं. ही पोरगी मला व्यायामाला लावत होती आणि वर मलाच उपकार करायला सांगत होती. तोंडावर बोलले असते तर दोन मिनिटांत तिला उघडं पाडलं असतं. पण मग बटणं तुटायची थांबली असती. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. सुनेला हे खरं वाटत नाही.

ते बटण लावायला मला दुपार लागली. उजवा हात कापडावरून सारखा घसरायचा. डाव्या हाताने सुई भोसकली की ती कुठून निघेल याचा नेम नाही. शेवटी बटण लागलं, पण असं की एका डोळ्याने कॉलरकडे आणि दुसऱ्याने खिशाकडे बघतंय. मला लाज वाटली. मी म्हटलं, काढते, पुन्हा लावते. तिने कोट घेतला, घातला आणि म्हणाली, "झकास."

थोड्या वेळाने मेट्रन बाई आल्या. माझ्या खाटेचा पडदा ओढलेला होता, पण कान उघडे होते. "सिस्टर, हे बटण कुणी लावलं? झोपेत लावलं का?" कात्री म्हणाली, "मीच लावलं मॅडम, घाईत." "शिकवणी लावा कुठेतरी." "हो मॅडम." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या हाताच्या कामाला कुणी असं बोललं नव्हतं, आणि ते बोलणं माझ्याऐवजी दुसरीच मुकाट्याने खात होती. त्या दिवशी मी शाळेच्या बाईंकडून माझा चेंडू परत मागून घेतला. त्या द्यायला तयार नव्हत्या.

मग काय, रोजचं ठरून गेलं. रोज सकाळी कात्रीचं काहीतरी तुटायचं. आधी कोटाची मोठी बटणं. मग बाहीची लहान. मग म्हणे दुसऱ्या सिस्टरच्या शर्टाचं अगदी बारीक बटण, जे धरायला दोन बोटं लागतातच. बटणं लहान लहान होत चालली होती, आणि ते काही आपोआप होत नव्हतं. वजन म्हणून ठेवलेला उजवा हात हळूहळू कापड दाबायला लागला, मग धरायला लागला, मग एके दिवशी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकली. तेवढ्यासाठी मला घाम फुटला होता.

मी साळसूदपणे विचारायची, "सिस्टर, तुमच्याकडे उंदीर आहेत का हो?"

"नाहीत. का?"

"नाही, दोरा इतका सरळ कुरतडणारा उंदीर मी पाहिला नाही."

ती तापमापक झटकत म्हणायची, "पाण्यात काहीतरी असेल मावशी. दोरे कुजतात." चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. शाळेच्या बाईंना मात्र राहवेना. एकदा त्यांनी मोठ्याने सुरू केलं, "अहो, ती स्वतःच कोपऱ्यात उभी राहून का..." मी त्यांना डोळ्यांनी असं दाबलं की त्यांनी उरलेलं वाक्य पाण्याबरोबर गिळलं. मुलांना वर्षानुवर्षं गप्प बसवलेली बाई, पण त्या दिवशी स्वतः गप्प बसली.

मुलाला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो डॉक्टरांना विचारायला गेला असता, आणि डॉक्टरांनी पुन्हा अपेक्षा ठेवू नका म्हटलं असतं. तो आला की मी उजवा हात चादरीखाली घालून ठेवायची. सुनेला मात्र गुपचूप म्हटलं, माझा रिळांचा डबा आण, मेणाचा तुकडाही आण. तिने कारण विचारलं नाही. डबा पदराआड आणावा तसा पिशवीच्या तळाशी घालून आणला, वर केळी ठेवली. सासू-सुनेचं इतकं पटल्याचं घरात कुणाच्या कानावर गेलं नाही ते बरं.

मेण मागवलं, कारण माझ्या अंगात जुनी खोड जागी झाली होती. हात थोडा चालायला लागला तसं वाटायला लागलं, बघू या आता ही कशी कापते ते. कोटाचं वरचं बटण परत आलं तेव्हा मी दोरा दुहेरी घेतला, तो चिवट व्हावा म्हणून त्यावर मेण फिरवलं, बटण पक्कं केलं आणि खाली दोऱ्याचे असे घट्ट वेढे दिले की कात्रीचं टोक आत जायला जागाच उरली नाही. दात लावून गाठ मारली. कोट परत देताना म्हटलं, "आता कोट फाटायच्या आधी हे बटण तुटणार नाही." ती म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी कात्री आली ती खरंच पडेल चेहऱ्याने. आधीचा पडेल चेहरा नाटकातला होता, हा घरचा होता. मुठीत बटण होतं, आणि बटणाबरोबर कोटाचा तुकडाही होता. बोथट कात्री दोऱ्याखाली घालायला गेली, दोरा कापला नाही, कापड कापलं. कोटाला छातीवर बोट जाईल एवढं भोक.

"खिळ्याला अडकला," ती म्हणाली.

"हो का. बटणाच्या अगदी पाठीमागे खिळा होता?"

मेट्रन बाईंनी तिला आधीच गाठलं होतं हे मला शाळेच्या बाईंनी नंतर सांगितलं. कोट दवाखान्याचा, वॉर्डाची तपासणी तोंडावर, त्यात हे भोक. सगळ्यांच्या देखत बोलून घेतलं तिला. म्हणाल्या, ज्यांना स्वतःचा कोट सांभाळता येत नाही त्यांच्या हाती पेशंट कसे द्यायचे. आणि हिने एक शब्द तोंडातून काढला नाही, की भिंतीकडच्या खाटेवरच्या म्हातारीसाठी मी हे करते. माझी खोड तिला भोवली होती.

मी म्हटलं, "कोट ठेव इथे. दुसरा घाल आज."

त्या भोकाला बटण चालणार नव्हतं, रफू करायला हवं होतं. रफूमध्ये वजन म्हणून हात ठेवून भागत नाही. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने एकेक धागा वर-खाली, वर-खाली विणत जायचा, आणि ते माझ्या डाव्या हाताला येत नाही, कधीच येत नव्हतं. मी सुई उजव्या हातात घेतली. ती पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. गादीत शिरली ती शोधायला शाळेच्या बाई प्लॅस्टरसकट वाकल्या. मी हाताला शिव्या दिल्या, मग लाडीगोडी लावली, मग पुन्हा शिव्या दिल्या. जेवण आलं आणि गार झालं. केव्हा कोण जाणे, मी हातावर ओरडायची थांबले होते, कारण तो काम करत होता. हळू, थरथरत, पण माझाच होता तो. मी रडले, चांगली हमसून रडले, आणि रडत रडत विणत राहिले. चेंडू दाबून हे झालं नसतं. ही पोरगी माझ्यासाठी शिव्या खाऊन आली होती, म्हणून ते झालं.

कोट घेतला तेव्हा कात्रीने भोकाची जागा शोधली. बोटाने चाचपली तेव्हा कुठे सापडली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पडदा ओढला. माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

घरी जायचा दिवस आला. मोठे डॉक्टर गडबडीत येऊन पायाबद्दल बोलून गेले. मुलगा पिशव्या भरत होता आणि सांगत होता, "आई, उद्या सकाळी ते मशीन न्यायला येणार आहेत. मी आजच जागा झाडून ठेवली." सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, जरा थांब.

कात्री निरोप द्यायला आली. त्या वॉर्डात सिस्टरांना काही द्यायचं नाही असा फलकच लावलेला होता, फुलंसुद्धा नाहीत. त्यामुळे माझ्या हातात द्यायला काही नव्हतं. मी म्हटलं, "जवळ ये गं, कॉलर नीट करते." ती वाकली. मी डाव्या हाताने तिची कॉलर धरली, उजवा हात तिच्या फाटक्या खिशात घातला, तिची ती बोथट कात्री काढली, आणि वरचं बटण कच्चकन कापलं. रफूनंतर ते मी साध्या दोऱ्याने लावलं होतं, मेणाच्या नाही, नाहीतर फजिती झाली असती.

बटण माझ्या तळहातावर पडलं.

"मेट्रन बाईंना सांग, तुटलं म्हणून. पाण्यात काहीतरी आहे, दोरे कुजतात."

तिचा हात तोंडावर गेला. "मावशी, कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुला कापता येत नाही गं. मी शिकवीन." आणि मग मी बटण माझ्या पिशवीत टाकलं. "हे लावायला माझं मशीन लागत नाही, पण मी मशीनपाशीच बसून लावते. सुट्टीच्या दिवशी घरी ये."

माझा मुलगा पिशवी हातात धरून उभा होता. तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता, कात्रीच्या कड्यांत अजून बोटं अडकली होती त्याकडे. मग तो फोन घेऊन वॉर्डाबाहेर गेला, आणि दाराआडून त्याचा आवाज आला, "नाही, मशीन नाही देता येणार. आई वापरते ते." परत आला तेव्हा डोळे पुसत होता, आणि कोट्यधीश असल्यासारखा शाळेच्या बाईंना सांगत होता की माझी आई शिवणकाम करते. जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

सिस्टर आली पहिल्याच सुट्टीला. कोट घेऊन आली. वरचं बटण नाही म्हणून आठवडाभर बोलणी खाल्ली म्हणे, पण दुसरीकडे लावून घेतलं नाही. सुनेने तिला खुर्ची दिली, मी खिडकीपाशी बसले. आधी तिचा खिसा उसवला आणि आतून जाड कापडाचं दुहेरी अस्तर घातलं, कात्री पुन्हा पडायला नको. मग बटण घेतलं. ती जवळ येऊन बघत होती, म्हणाली, "मावशी, मेण?"

"नको," मी म्हटलं. दोरा साधा घेतला, एकेरी, आणि वेढे एकदम सैल दिले. ते बटण फार दिवस टिकणार नाही. तिला परत यावंच लागेल.